डाएट, नियम आणि वाटीभर हुग्गी

दशलक्षण पर्व संपले की आमच्याकडे बस्तीत बायका एकमेकींना दोन प्रश्न विचारतात. पहिला जुना आहे, "उपास किती झाले?" दुसरा गेल्या दहा-बारा वर्षांत आला, "मग, किती उतरलं?" पहिला प्रश्न विचारताना आवाज जरा आदराचा असतो. दुसरा विचारताना नजर समोरचीच्या पोटावर असते. अनंत चतुर्दशीचा उपास करून आलेल्या एका मुलीने यंदा हसत सांगितले, "काकू, अडीच किलो." आम्ही सगळ्यांनी तिचे कौतुक केले, मीही केले. घरी येताना मात्र मनात आले की उपासाचे फळ काट्यावर मोजायला आम्ही कधी शिकलो?

म्हणून हा लेख. आपल्या मराठी घरांत डाएटबद्दल जे वाचले जाते आणि जे केले जाते, ते दोन्ही जरा तपासून पाहावे म्हणते. मी डॉक्टर नाही. पण तीस वर्षे स्वयंपाकघर चालवले आहे, आणि डाएट शेवटी तिथेच चालते किंवा मोडते.

आमच्या कपाटात शेजारीशेजारी दोन मतांची पुस्तके आहेत. एक ऋजुता दिवेकरांचे 'डोन्ट लूज युअर माइंड, लूज युअर वेट'. ते २००९ साली आले आणि घराघरांत गेले. दुसरी बाजू डॉ. जगन्नाथ दीक्षितांची. मूळ कल्पना नागपूरच्या डॉ. श्रीकांत जिचकारांची, असे ते स्वतःच सांगतात. दिवेकर म्हणतात, दर दोन तासांनी थोडे थोडे खा. दीक्षित म्हणतात, खरी भूक लागते त्या दोनच वेळा खा, प्रत्येक जेवण पंचावन्न मिनिटांत संपवा आणि पंचेचाळीस मिनिटांत साडेचार किलोमीटर चाला. सासू एकीकडे, सून दुसरीकडे, असे कितीतरी घरांत झाले. आमच्या जाऊबाई दोन वर्षे दिवेकरांच्या होत्या, मग दीक्षितांच्या झाल्या. दोन्ही वेळा वजन आधी उतरले आणि मग परत आले.

दोघांचे चांगले ते आधी सांगते. तूप म्हणजे विष आणि भात म्हणजे पाप, हे ऐकून ऐकून आमच्या पिढीतल्या बायका घाबरून गेल्या होत्या. दिवेकरांनी तूप-भात मानाने परत ताटात आणला. डब्यातल्या परदेशी पावडरीपेक्षा आपल्या गावचे धान्य बरे, हे त्यांनी ठणकावून सांगितले. दीक्षितांच्या पद्धतीला पैसा लागत नाही, ते काही विकत घ्या म्हणत नाहीत, आणि आधी रक्त तपासून मग सुरुवात करा म्हणतात. दिवसभर चरत राहण्याची आपली सवय त्यांनी नेमकी पकडली. चहाबरोबर दोन बिस्किटे, येता-जाता शेव, मुलाने टाकलेला घास, हे सगळे आपण 'खाणे' म्हणून धरतच नव्हतो.

आता उणे. थोड्या थोड्या वेळाने खाल्ल्याने शरीराची चूल जास्त पेटते, या समजाला प्रयोगांनी फारसा आधार दिलेला नाही. उलट दोनदाच खायचे म्हटले तरी त्या पंचावन्न मिनिटांत काय आणि किती, हा प्रश्न उरतोच. दोन वेळच्या नावाखाली चार पोळ्यांच्या सहा झालेल्या मी पाहिल्या आहेत. मग खरे कोण? अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठाने ६०९ जणांवर वर्षभर एक प्रयोग केला आणि तो २०१८ साली प्रसिद्ध झाला. एका गटाने स्निग्ध पदार्थ कमी केले, दुसऱ्याने पिठूळ-गोड कमी केले. पहिल्या गटाचे सरासरी वजन ५.३ किलो उतरले, दुसऱ्याचे ६ किलो. म्हणजे फरक नाहीच म्हणा. पण दोन्ही गटांत काहींचे वीस किलोंहून जास्त उतरले आणि काहींचे चक्क वाढले. पद्धतीपेक्षा माणूस वेगळा होता. भाज्या भरपूर, वरची साखर आणि मैदा कमी, एवढे मात्र दोन्ही गटांना सारखेच सांगितले होते. मला वाटते, दिवेकर आणि दीक्षित यांच्यातही जे समान आहे तेच कामाचे आहे: घरचे अन्न, वेळेवर, भुकेपुरते, आणि पायांना काम.

"डाएटने वजन उतरते का?" याचे उत्तर "हो" असेच आहे. "टिकते का?" विचारा, मग उत्तर अवघड होते. अमेरिकेत वजन उतरवण्याच्या स्पर्धेचा एक टीव्ही कार्यक्रम होता. त्यातल्या १४ जणांना सहा वर्षांनी तपासले, तो अभ्यास २०१६ साली आला. १४ पैकी १३ जणांचे वजन परत वाढले होते, आणि त्यांचे शरीर बसल्या जागी अपेक्षेपेक्षा रोज सुमारे ५०० कॅलरी कमी जाळत होते. शरीराला वाटले दुष्काळ पडला, आणि ते काटकसर शिकले ते शिकलेच. तेव्हा जाऊबाईंचे वजन परत आले म्हणून तिच्या मनाचा दुबळेपणा काढू नये. आम्ही तो काढला होता, हेही इथे कबूल करते.

पण एवढ्यावरून "डाएट सगळे खोटे" म्हणून ताट भरून घेऊ नका. ब्रिटनमध्ये मधुमेहाच्या ३०६ रुग्णांवर एक प्रयोग झाला, तो २०१७ साली छापून आला. डॉक्टरांच्या देखरेखीखाली ज्यांनी कडक आहार पाळला, त्यांतल्या जवळजवळ निम्म्या लोकांना वर्षभरानंतर औषधांची गरज राहिली नव्हती आणि साखर मधुमेहाच्या रेषेखाली होती. ज्याला आजार आहे त्याला पथ्य हवेच. माझी तक्रार पथ्याबद्दल नाही. पथ्यात गोडाला जागाच नाही असे मानण्याबद्दल आहे.

ती जागा का हवी, हे मी पुस्तकात वाचायच्या आधी घरात शिकले.

आमच्या आत्ती, म्हणजे सासूबाई, यांना पासष्टीनंतर मधुमेह निघाला. पथ्याची सूत्रे माझ्या हातात आली आणि मी ती पोलिसासारखी वापरली. कुंदा बंद, कर्दंट बंद. सणाला आम्ही खपली गव्हाची हुग्गी खायचो आणि त्यांच्यापुढे दुधाची वाटी ठेवायचो. त्या काही बोलत नसत. त्यांना रात्रिभोजनत्यागाचे व्रत होते, लग्नाच्या आधीपासूनचे. तापाने फणफणल्या तरी सूर्यास्तानंतर कधी घास घेतला नाही. एका रात्री अकराच्या सुमारास मी पाण्याला उठले, तर स्वयंपाकघरात अंधारात त्या उभ्या होत्या. हातात पेढ्याचा डबा. तोंडात पेढा.

मी ओरडले नाही, पण मला वाटते माझ्या चेहऱ्यावर सगळे उमटले असावे. त्या खाली बसल्या आणि एवढेच म्हणाल्या, "दिवसा मागितले असते तर दिली असतीस काय गं तू?"

माझ्यापाशी उत्तर नव्हते. पन्नास वर्षांचे व्रत एका पेढ्याने मोडले नव्हते. ते माझ्या कुलपाने मोडले होते. दुसऱ्या दिवशी त्यांनी उपास केला, प्रायश्चित्त म्हणून. आणि मी त्यांच्यासमोर ताक पिऊन राहिले.

पुढे कळले की ही गोष्ट आत्तींची एकटीची नाही. १९७५ साली हर्मन आणि मॅक या दोन संशोधकांनी कॉलेजच्या मुलींना आधी मिल्कशेक दिला आणि मग समोर आइस्क्रीम ठेवले. एरवी मोकळेपणाने खाणाऱ्या मुलींनी मिल्कशेकनंतर आइस्क्रीम कमी खाल्ले. ज्या नेहमी डाएटवर असत, त्यांनी मिल्कशेकनंतर जास्त खाल्ले. "मोडलेच आहे, आता होऊन जाऊ दे," असे मन म्हणते. त्याच्याही आधी, १९४४-४५ साली, मिनेसोटामध्ये ३६ धडधाकट तरुणांना चोवीस आठवडे अर्धपोटी ठेवून पाहिले होते. त्या तरुणांना दुसरे काही सुचेना. ते पाककृतींची पुस्तके वाचत बसू लागले. अन्न काढून घेतले की ते डोक्यात जाऊन बसते. आम्ही साखर आत्तींच्या ताटातून काढली आणि त्यांच्या झोपेत नेऊन ठेवली.

यावर माझ्याच एका मैत्रिणीने विचारले, "मग आपल्या धर्मात इतके सोडायला सांगितलेय, त्याचं काय? रसपरित्याग हे पण डाएटच की!" प्रश्न चांगला आहे. तत्त्वार्थसूत्राच्या नवव्या अध्यायात बाह्य तपे सांगितली आहेत. अनशन, अवमौदर्य, वृत्तिपरिसंख्यान, रसपरित्याग ही त्यांतली खाण्याशी जोडलेली. त्यात अवमौदर्य म्हणजे भुकेपेक्षा थोडे कमी खाणे. परंपरेने पुरुषाचा पूर्ण आहार बत्तीस घासांचा आणि स्त्रीचा अठ्ठावीस घासांचा धरला आहे, आणि त्यातून एक घास कमी केला तरी ते तप मानले आहे. एक घास! आजचे कुठले डाएट एका घासाला किंमत देते?

दुसरे, रत्नकरंड श्रावकाचारात समंतभद्राचार्यांनी भोगोपभोगाच्या त्यागाचे दोन प्रकार केले आहेत. ठरावीक मुदतीचा तो नियम, आणि जन्मभराचा तो यम. आणि श्रावकाच्या व्रताचे नावच मुळी भोगोपभोग-परिमाण. परिमाण म्हणजे माप. आपले माप आपण आधी ठरवायचे, उघडपणे, स्वतःच्या इच्छेने. कुणी रविवारी मीठ सोडते, कुणी पर्वापुरते गोड. दिवस उलटला की मुदत संपली. डाएटच्या पुस्तकांची चूक इथे होते असे मला वाटते. ती वजनाच्या लोभाने नियमाला यम करतात. आणि माझी चूक त्याहून मोठी होती, कारण दुसऱ्याचा यम मी माझ्या हाताने बांधला. लादलेल्या त्यागाला तप म्हणत नाहीत.

पण आपल्याकडेही सगळे स्वच्छ आहे असे नाही. एकाशन करायचे आणि त्या एका बैठकीत दोन वेळचे रिचवायचे. पारण्याला पंगतीत चार गोडे, आणि नको म्हटले तर वाढणारीचा अपमान. पाहुण्याला प्रेम दाखवायचे तर ते साखरेतूनच. रोज इतके गोड असेल तर सणाला सण म्हणून उरते काय? गोडाला जागा हवी याचा अर्थ ती राखीव जागा हवी. सगळ्या खुर्च्यांवर तेच बसले तर त्याचे काय कौतुक? जागतिक आरोग्य संघटना म्हणते की वरून घातलेली साखर दिवसाला साधारण २५ ग्रॅमच्या, म्हणजे सहा चमच्यांच्या आत राहिली तर उत्तम. आपले तीन कप चहाच त्यातले बरेचसे संपवतात. मला त्या चहातल्या साखरेचा राग येतो, पुरणपोळीचा येत नाही. चहातली साखर आपल्याला आठवतसुद्धा नाही. पुरणपोळी वर्षभर आठवते.

शेवटी एक गोष्ट, जी कुठलेच पुस्तक सांगत नाही. हे सगळे करणार कोण? दर दोन तासांनी खायचे म्हणजे दर दोन तासांनी कुणीतरी करायचे. घरात एक दोनदा खाणारा, एक सहादा खाणारा, एक 'पोळी बंद' वाला, आणि ओट्यापाशी एकटी बाई. सकाळी कोमट पाण्यात लिंबू-मध घ्या म्हणतात. आम्हाला मध चालत नाही, आले चालत नाही, म्हणून आमच्यासाठी वेगळे शोधायचे तेही तिनेच. या धावपळीत तिचे स्वतःचे जेवण म्हणजे उरलेले, उभ्याने, तीन वाजता. मैत्रिणींनो, तुमचे वजन का वाढते याचे उत्तर शोधताना आधी हे पाहा की तुम्ही बसून जेवता का. मी गेली सहा वर्षे बसून जेवते. वजन तीन किलो कमी आहे, आणि ते तिथेच आहे.

आत्तींचे पुढे काय झाले ते सांगते. मी त्यांच्या डॉक्टरांना विचारले. ते म्हणाले, सणाला छोटी वाटी द्या, त्या दिवशी पोळी-भात तेवढा कमी करा, साखर तपासत राहा. मी एक लहान स्टीलची वाटी ठरवली. सणाच्या दिवशी दुपारी बाराला, सगळ्यांच्या पंगतीत, आत्तींच्या ताटात ती वाटी हुग्गीने भरून ठेवायची. त्या चमच्याने सावकाश खात, पुरवून पुरवून. मी एकदा विचारले, "आणि वाढू काय आत्ती, अर्धा चमचा?" तर वाटीवर हात ठेवून म्हणाल्या, "नको गं. झालं."

रात्री डब्याला मग कधी हात लागला नाही. त्या गेल्या त्याला आता चार वर्षे झाली. ती वाटी मी माझ्या ताटात घेते.