सही कोणाची, किल्ली कोणाची?

निनावी लेखनाविषयी आपल्या समाजात एक मत फार रूढ आहे. ज्याला आपले नाव सांगण्याचे धैर्य नाही त्याला बोलण्याचा अधिकार नाही, असे ते मत. बुऱ्हाणपुरात न्यायालयाच्या आवारात, देवस्थानच्या सभेत, शाळेच्या कार्यकारी मंडळात ते सारख्याच आवेशाने मांडले जाते. आणि संगणकावरून वा मोबाईलवरून चालणाऱ्या चळवळींना उद्देशून तर ते रोज कानी पडते. वरवर पाहता मत मोठे नीतीचे आहे. पण ज्या मतावर सर्वजण एकदम मान डोलावतात त्याची उलटतपासणी करणे हा वकिलाचा धर्मच होय. तशी ती केली असता असे दिसते की, आपण नावाला जेवढी किंमत देतो तेवढी त्याची योग्यता नाही, आणि ज्या गोष्टीला खरी किंमत द्यावयास हवी तिच्याकडे आपले लक्षच नाही.

आरंभ आपल्याच वाङ्मयापासून करू. भाऊ महाजनांनी 1841 साली मुंबईस सुरू केलेल्या ‘प्रभाकर’ पत्रात 1848 ते 1850 या काळात ‘लोकहितवादी’ या सहीने पत्रे प्रसिद्ध झाली. ती पुढे ‘शतपत्रे’ म्हणून मराठी गद्याचे भूषण ठरली. लिहिणारे गोपाळ हरि देशमुख त्या वेळी ऐन पंचविशीतले, सरकारी नोकरीत असलेले गृहस्थ होते. स्वजनांच्या आळसावर आणि रूढीप्रियतेवर त्यांनी जे कोरडे ओढले ते नावानिशी ओढते तर काय झाले असते, याची कल्पना करणे कठीण नाही. म्हणून त्या लेखनाला कोणी भ्याड म्हणेल काय? कोकणीच्या कैवारात आयुष्य वेचणारे वामन रघुनाथ वर्दे वालावलीकर हेही ‘शणै गोंयबाब’ या नावानेच लोकांस ठाऊक झाले. टोपणनावाने त्यांच्या शब्दांचे वजन रतिभरही घटले नाही.

याच्या उलट उदाहरण कोल्हापूर प्रकरणाचे. कोल्हापूरचे कारभारी माधवराव बर्वे यांच्या नावाची काही पत्रे बाहेर आली, त्यांच्या आधारावर ‘केसरी’ व ‘मराठा’ या पत्रांनी मजकूर छापला आणि अब्रुनुकसानीचा खटला उभा राहिला. पत्रे बनावट ठरली. 1882 साली आगरकर व टिळक यांस चार-चार महिन्यांची शिक्षा झाली आणि प्रत्यक्षात एकशे एक दिवस ते डोंगरीच्या तुरुंगात होते. या घटनेकडे आपण देशभक्तीच्या इतिहासातील एक प्रकरण म्हणून पाहतो. पण त्यात पुराव्याच्या शास्त्राचा एक धडाही आहे. त्या पत्रांखाली नाव होते, आणि ते खोटे होते. ‘शतपत्रां’खाली खरे नाव नव्हते, आणि ती खरी होती. शिवाय हेही ध्यानात घ्यावे की, शिक्षा झाली ती पत्रे रचणारांस म्हणून नव्हे, तर ती खरी मानून लोकांपुढे ठेवणारांस.

आपला जुना कायदाही याच विचाराचा होता. 1867 च्या मुद्रणविषयक कायद्याने छापील कागदावर मुद्रकाचे व प्रकाशकाचे नाव आणि स्थळ मागितले. लेखकाचे नाव मागितले नाही. आमच्या जिल्ह्यातील नेपानगरचा कारखाना हा देशातील वृत्तपत्री कागदाचा पहिला कारखाना. 1956 साली पंडित नेहरूंच्या हस्ते तो राष्ट्राला अर्पण झाला. त्या कागदावर पुढे जी असंख्य वृत्तपत्रे निघाली त्यांतील कितीतरी स्फुटे बिनसहीची होती. तथापि शेवटच्या पानाच्या तळाशी एक बारीक ओळ असे, आणि त्या ओळीतला माणूस सर्व मजकुराचा जामीन असे. फौजदारी कायद्याची दृष्टीही निराळी नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम 351 मध्ये निनावी पत्राने धाक घालणाऱ्यास जादा शिक्षा सांगितली आहे. तेथे अपराध धाक घालण्याचा आहे. नाव झाकल्याने तो वाढतो. पण नुसते नाव झाकणे हा अपराध नव्हे.

आता आजच्या काळाकडे येऊ. धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यातील राईनपाडा येथे 1 जुलै 2018 रोजी नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षेकऱ्यांना जमावाने ठार मारले. मुले पळविणारी टोळी आली आहे, अशी वार्ता त्या दिवसांत व्हॉट्सॲपवरून गावोगाव फिरत होती. देशात इतरत्रही असे प्रकार घडले, आणि मग हा संदेश प्रथम कोणी लिहिला ते शोधून द्या, अशी मागणी सरकारने सुरू केली. फेब्रुवारी 2021 च्या नियमांत तिला कायद्याचे रूप आले. गंभीर गुन्ह्यांच्या बाबतीत, न्यायालयाचा वा सक्षम अधिकाऱ्याचा आदेश झाल्यास मोठ्या संदेशसेवांनी संदेशाचा पहिला कर्ता ओळखून दिला पाहिजे, असा तो नियम. त्याच वर्षी व्हॉट्सॲपने त्याला दिल्ली उच्च न्यायालयात आव्हान दिले.

या मागणीमागील दुःख खरे आहे. पाच माणसे मेली. दोष कोणाचा, हे विचारावयाचे नाही तर काय? परंतु प्रश्न चुकीच्या दाराशी विचारला जात आहे, असे माझे मत आहे. अफवा गावात आली ती अनोळखी माणसाकडून नव्हे. अशी वार्ता ज्याच्या-त्याच्या मोबाईलवर येते ती मेहुण्याकडून, शेजाऱ्याकडून, शाळासोबत्याकडून, आणि प्रत्येकाच्या नावानिशी येते. नाव नव्हते असे एकही घर त्या वाटेवर नसते. नव्हती ती ‘हे मी पुढे पाठवितो, म्हणून याचे उत्तर मी देईन’ ही भावना. पहिला लिहिणारा शेकडो कोस दूर असेल. शिवाय कोणी तोच मजकूर पुन्हा टंकित केला की पहिला कर्ता बदलतो. उलट, हे संदेश पाठविणाऱ्याच्या यंत्रात कुलूपबंद होतात आणि घेणाऱ्याच्या यंत्रातच उघडतात. मधल्या कंपनीलाही ते वाचता येत नाहीत. पहिला कर्ता सांगावयाचा म्हणजे निरपराधांच्याही प्रत्येक संदेशावर खूण उमटवून ठेवावी लागेल, असा कंपनीचा आक्षेप आहे आणि तो सहज झटकून टाकण्यासारखा नाही.

आमच्या बुऱ्हाणपूरचा कुंडी भंडारा पाहिलेल्यास हे चटकन उमगेल. सातपुड्याच्या पायथ्याचे पाणी जमिनीखालच्या वाटेने एका कुंडीतून दुसरीत असे शहराकडे येते. उगम कोठे, हे पाणी पिणाऱ्याला दिसत नाही. पण आपल्या कुंडीत घाण पडू न देणे हे प्रत्येकाच्या हाती असते. 1882 साली आगरकर-टिळकांवर जी जबाबदारी कायद्याने टाकली, ती आज मोबाईल बाळगणाऱ्या प्रत्येकाने आपणहून पत्करली पाहिजे. आपल्यातला प्रत्येकजण आता छोटासा संपादक झाला आहे. दुर्दैव इतकेच की संपादकाचे काम मिळाले आणि त्याचा धाक मिळाला नाही.

येथवर प्रश्नाची एक बाजू झाली. दुसरी बाजू नाव सांगणाऱ्यांची आहे. सत्येंद्र दुबे हे राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणातील तरुण अभियंते. 2002 साली त्यांनी रस्त्याच्या कामातील गैरव्यवहाराविषयी थेट पंतप्रधानांच्या कार्यालयास पत्र लिहिले. नाव दिले, आणि ते गुप्त ठेवावे अशी विनंती केली. ते नावासकट खात्याखात्यांतून फिरले. 27 नोव्हेंबर 2003 रोजी गया येथे त्यांचा खून झाला. तो लुटीच्या हेतूने झाला, असा तपासयंत्रणेचा निष्कर्ष आहे, आणि त्याच खटल्यात पुढे आरोपींना शिक्षाही झाली. तो निष्कर्ष मानला तरी, विश्वासाने दिलेले नाव कार्यालयांना राखता आले नाही, ही गोष्ट पुसली जात नाही. तळेगाव दाभाड्याचे सतीश शेट्टी माहितीच्या अधिकाराखाली नावानिशी अर्ज करून जमिनीचे व्यवहार उजेडात आणीत. 13 जानेवारी 2010 रोजी त्यांचाही खून झाला. नाव मागण्यापूर्वी ते जपण्याची आपली ऐपत आहे काय, हे मागणाऱ्याने स्वतःस विचारले पाहिजे.

ही ऐपत कोठे तपासावयाची? मोठ्या घोषणांत नव्हे, तर कचेरीच्या टेबलावर. तेथील दृश्य आपणा सर्वांस परिचयाचे आहे. पासवर्ड कागदाच्या चिठ्ठीवर लिहून पडद्याच्या कडेला चिकटविलेला असतो. साहेबांची डिजिटल सही ज्या छोट्या यंत्रात असते ते यंत्र कारकुनाच्या खणात असते, कित्येकदा हिशेबनिसाकडे कायमचेच ठेवलेले असते. मोबाईलवर आलेला ओटीपी चारचौघांत मोठ्याने सांगितला जातो. चहाला उठताना पडदा बंद केला जात नाही. नोकरी सोडून गेलेल्याचे खाते वर्षानुवर्षे चालू राहते. हे सर्व आपण आपुलकीच्या नावाखाली चालवून घेतो. पण माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम 42 स्पष्ट सांगते की, डिजिटल सहीची गुप्त किल्ली आपल्या ताब्यात राहील अशी वाजवी काळजी घेणे हे सहीच्या मालकाचे कर्तव्य आहे. ज्याची किल्ली सर्वांच्या हाती, त्याची सही कोणाचीच नव्हे.

ही केवळ कारकुनी शिस्तीची गोष्ट नाही. यावर माणसाचे स्वातंत्र्य अवलंबून असते. भीमा कोरेगाव प्रकरणात 2018 साली पुणे पोलिसांनी अटक केलेल्यांपैकी रोना विल्सन यांच्या संगणकात सापडलेली पत्रे हा पुराव्याचा मोठा भाग होता. फेब्रुवारी 2021 मध्ये आर्सेनल या अमेरिकन तपासणी संस्थेचा अहवाल प्रसिद्ध झाला. तो संगणक सुमारे 22 महिने दुसऱ्याच कोणाच्या तरी ताब्यात होता आणि पत्रे बाहेरून आत ठेवली गेली, असे त्यात म्हटले आहे. तपासयंत्रणेस हे मान्य नाही. जानेवारी 2025 मध्ये, खटला लांबल्याने, सहा वर्षांहून अधिक तुरुंगवासानंतर उच्च न्यायालयाने विल्सन यांस जामीन दिला. पत्रे खरी की खोटी, याचा निर्णय पुराव्याची छाननी करूनच व्हावयाचा, आणि तोपर्यंत कोणत्याही पक्षाने निकाल दिल्यासारखे बोलू नये. आरोपींची मते कोणास पटोत वा न पटोत. परंतु प्रश्न कोल्हापूरचाच आहे. पत्राखाली वा पत्रासोबत नाव आहे. ते तेथे कोणी ठेवले?

न्यायालयांनी या प्रश्नाची दखल घेतली आहे. जालना मतदारसंघाच्या निवडणूक खटल्यात, अर्जुन पंडितराव खोतकर यांच्या प्रकरणी, सर्वोच्च न्यायालयाने 14 जुलै 2020 रोजी सांगितले की, मूळ यंत्र हजर केले नसेल तर त्यातील नोंदीच्या प्रतीसोबत कायद्याचे प्रमाणपत्र हवेच. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 ने त्या प्रमाणपत्रात नोंदीचा ‘हॅश’ लिहिण्यासही सांगितले आहे. हॅश म्हणजे गणिताने काढलेली जणू लाखेची मोहोर. मजकुरात एक स्वल्पविराम बदलला तरी ती बदलते. मात्र एक मर्यादा ओळखावी. मोहोर लागल्यानंतर फेरफार झाला की नाही, एवढेच ती सांगते; मोहोर लागण्यापूर्वी पेटीत काय आणि कोणी टाकले, हे ती सांगू शकत नाही. ते राखणे पेटीच्या मालकाकडेच राहते.

आपल्या वाचकांस यासाठी परकी उपमा नको. गुप्तदान आपण पुण्याचे मानतो. दानपेटीत पैसे टाकणाऱ्याचे नाव कोणी विचारीत नाही. आणि तरीही, किंबहुना म्हणूनच, जेथे कारभार चोख असतो तेथे पेटी एकटा माणूस उघडीत नाही. किल्ल्या वेगवेगळ्या हाती असतात, मोजणी पंचांसमक्ष होते, आकडा वहीत चढतो. देणारा निनावी, राखणारा नामांकित, अशी ही व्यवस्था आहे. निनावी तक्रारीचे आणि निनावी लेखनाचे शास्त्रही हेच असावे. लिहिणाऱ्याला आडोसा मिळावा. पण मजकूर स्वीकारणारा, छापणारा, पुढे पाठविणारा आणि त्याच्या किल्ल्या सांभाळणारा उघड असावा आणि उत्तरास बांधलेला असावा.

आडोशाला बसून लिहिणाऱ्यांनाही दोन शब्द सांगणे प्राप्त आहे. टोपणनाव हे कुलूप नव्हे. कचेरीच्या संगणकावरून कचेरीच्या गैरव्यवहाराविषयी निनावी लिहिणाऱ्याने जगापासून नाव लपविले असेल. पण त्या यंत्राला आणि त्या यंत्राच्या मालकाला ते सांगून टाकले आहे. आणि ज्याला स्वतःच्या नावाला आडोसा हवा, त्याने दुसऱ्याच्या नावाची राख करू नये. लोकहितवादींनी रूढीला झोडपले, शेजाऱ्याच्या लेकीसुनांस धमक्या दिल्या नाहीत. आजच्या निनावी मंडळींपैकी पुष्कळांना या दोहोंतला भेद कळत नाही, हे त्यांच्या कैवाऱ्यांनीही मान्य केले पाहिजे.

तरीही माझा निर्णय निनावी लेखनाच्या विरुद्ध नाही. ज्या समाजात नाव सांगणाऱ्याचे नाव राखले जात नाही, त्याला निनावी माणसावर भ्याडपणाचा आरोप करण्याचा अधिकार पोहोचत नाही. तो अधिकार मिळवावयाचा तर सुरुवात आपापल्या कचेरीतून करावी. पडद्यावरची चिठ्ठी काढून टाकावी, सहीचे यंत्र आपल्या खिशात ठेवावे, गेलेल्या माणसाचे खाते बंद करावे, आणि मेहुण्याने पाठविलेला संदेश पुढे ढकलण्यापूर्वी, हा मी माझ्या सहीने छापला असता काय, एवढे स्वतःस विचारावे. ‘कोणी लिहिले?’ हे आपण इतरांस फार विचारले. ‘कोणी राखले?’ हा प्रश्न ज्याने-त्याने आता आपल्याला विचारावा.