अनुकूली चाचणी आणि ‘वाढीचे’ माप

उत्तर बरोबर आल्यास पुढील प्रश्न कठीण, चुकल्यास सोपा, हे अनुकूली संगणकीय चाचणीचे तत्त्व होय. डॅनिश गणितज्ञ राश यांच्या १९६० च्या प्रतिमानानुसार प्रश्नाचे काठिण्य व मुलाची क्षमता एकाच मापावर येतात. दोन सत्रांतील गुणांचा फरक ती ‘वाढ’. परंतु काठिण्यक्रम सर्व मुलांना सारखाच, हे येथे गृहीत आहे. घाटकोपरच्या एखाद्या मराठी वर्गात घरी गुजराती बोलणारे मूल ‘निमपट’ या शब्दाशी अडेल, भागाकाराशी नव्हे. संगणकास दोन्ही चुका सारख्याच. ‘प्रथम’च्या ‘असर’ वाचनपाहणीत (आरंभ २००५) परिच्छेद वाचता आला तर गोष्ट, न आल्यास सुटे शब्द देतात. तत्त्व तेच, पण तेथे अडखळणे ऐकणारा माणूस समोर असतो. म्हणून काठिण्य प्रत्येक भाषागटात स्वतंत्रपणे तपासल्यावाचून त्या फरकास गणिताची प्रगती म्हणणे शास्त्रीय ठरणार नाही.