प्रतीक्षेचा काळ आणि घराचा अवकाश : 'बुनियाद'चे पुनर्दर्शन

पुनर्वाचन ही साहित्यसमीक्षेला परिचित असलेली क्रिया आहे. पुनर्वाचनात संहिता तीच राहते, बदलतो तो वाचक, असे सामान्यतः गृहीत धरले जाते. दूरदर्शन मालिकेच्या बाबतीत हे गृहीतक टिकत नाही. मालिका प्रथम प्रक्षेपित होते तेव्हा तिचे भाग ठरावीक अंतराने, ठरावीक वेळी, असंख्य घरांत एकाच क्षणी पोहोचतात. तीच मालिका पुढे कॅसेट किंवा तबकडीच्या रूपाने घरी येते तेव्हा तिचे वेळापत्रक प्रेक्षकाच्या हाती जाते. म्हणजे येथे प्रेक्षकाबरोबर संहितेची रचनाही बदललेली असते. या बदलाचा विचार न करता जुन्या मालिकेविषयी केलेली विधाने एकतर स्मरणरंजनात विरतात किंवा आजच्या निकषांवर कालच्या कृतीला नापास करून मोकळी होतात. १९८६-८७ मध्ये दूरदर्शनवरून प्रक्षेपित झालेल्या 'बुनियाद' या मालिकेच्या संदर्भात हा प्रश्न तपासून पाहण्याजोगा आहे.

'बुनियाद'चे लेखन मनोहर श्याम जोशी यांचे, तर दिग्दर्शन रमेश सिप्पी व ज्योती सरूप यांचे. जोशी यांनीच लिहिलेल्या 'हम लोग' (१९८४-८५) या मालिकेने भारतीय दूरदर्शनवर दीर्घ कौटुंबिक मालिकेचा पाया घातला होता. मेक्सिकोत मिगेल साबिदो यांनी लोकशिक्षणासाठी वापरलेला मालिकेचा नमुना त्यामागे होता. त्यामुळे 'हम लोग'मधील निम्नमध्यमवर्गीय कुटुंब हे काही अंशी प्रबोधनाचे साधन होते आणि भागाच्या शेवटी अशोककुमार प्रेक्षकांशी थेट संवाद साधत असत. 'बुनियाद'मध्ये असा सूत्रधार-उपदेशक राहिला नाही. लाहोरातील मास्टर हवेलीराम (आलोकनाथ) आणि लाजोजी (अनिता कंवर) यांच्या संसाराच्या निमित्ताने विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकापासून आठव्या दशकापर्यंतचा काळ कथेत आणला गेला. 'कुरु कुरु स्वाहा' (१९८०) आणि 'कसप' (१९८२) यांसारख्या प्रयोगशील कादंबऱ्या लिहिणारा लेखक येथे कुटुंबकथेच्या रूढ रूपबंधाकडे वळला, ही बाब हिंदी साहित्याच्या अभ्यासकांइतकीच मराठी अभ्यासकांनाही विचार करावयास लावणारी आहे.

२

मालिकेचा अर्थ तिच्या भागांत जेवढा असतो तेवढाच दोन भागांमधील रिकाम्या काळातही असतो. वोल्फगांग इझर यांनी वाचनप्रक्रियेचा विचार करताना एकोणिसाव्या शतकातील क्रमशः प्रसिद्ध होणाऱ्या कादंबऱ्यांचे उदाहरण दिले आहे. तीच कादंबरी पुस्तकरूपात वाचण्यापेक्षा हप्त्याहप्त्याने वाचणे त्या वाचकांना अधिक रुचत असे. खंडामुळे वाचकाची कल्पनाशक्ती कामाला लागते आणि संहितेतील रिक्त जागा तो स्वतः भरू लागतो, असे इझर यांचे स्पष्टीकरण आहे. मराठीत हरिभाऊ आपट्यांच्या 'पण लक्षांत कोण घेतो'चे उदाहरण जवळचे आहे. ही कादंबरी 'करमणूक'मधून क्रमशः प्रसिद्ध होत होती. यमूच्या पुढील आयुष्याविषयीची तिच्या वाचकांची काळजी आठवड्यागणिक वाढत गेली असणार. आज ती अभ्यासक्रमातील पुस्तक म्हणून दोन-चार दिवसांत वाचली जाते. काळजीची जागा तेव्हा अन्वयार्थ घेतो.

'बुनियाद'चेही असेच झाले आहे. आठवड्यातून दोनदा येणारी ही मालिका जवळजवळ एकाच वाहिनीच्या काळात पाहिली गेली. १९८४ च्या सुमारास लघुशक्ती प्रक्षेपकांचे जाळे देशभर पसरले आणि जिल्ह्याच्या ठिकाणची घरेही राष्ट्रीय कार्यक्रमाच्या कक्षेत आली. ज्याच्या घरी संच असे त्याच्याकडे शेजारपाजार जमत असे. दोन भागांच्या मधल्या दिवसांत लाजोजीचे पुढे काय होणार याची चर्चा गिरणीच्या फाटकापाशी, नळावर, शिक्षकांच्या खोलीत चाले. ही चर्चा मालिकेबाहेरची मानता येत नाही. ती मालिकेच्या आस्वादाची अट होती. दूरचित्रवाणीचा विशेष सुट्या कार्यक्रमांत न शोधता त्यांच्या अखंड प्रवाहात शोधला पाहिजे, असे रेमंड विल्यम्स यांनी १९७४ मध्ये मांडले होते. दूरदर्शनच्या त्या काळाला ते प्रतिपादन अर्धेच लागू पडते. प्रवाह होता, पण तो रात्री थांबत असे. आणि संच बंद झाल्यावर मालिका माणसांच्या बोलण्यात चालू राही.

घरी सलग पाहताना हा रिकामा काळ नाहीसा होतो. त्याचे पहिले फलित म्हणजे पुनरुक्ती डोळ्यांत भरते. पात्रे आधीच्या भागातील घटना एकमेकांना पुन्हा सांगतात, नाती वारंवार उच्चारली जातात, एखादा प्रसंग संवादातून दोन-तीनदा उजळला जातो. आठवड्याच्या प्रेक्षकाला हे आवश्यक स्मरण होते. सलग प्रेक्षकाला तो रचनादोष वाटतो. कीर्तनकार पूर्वरंगातील सूत्र उत्तररंगात पुन्हा उचलतो तेव्हा त्याला कोणी शैथिल्य म्हणत नाही, कारण ऐकण्याचा संकेत श्रोत्याला ठाऊक असतो. मालिकेचा संकेत मात्र तिच्या माध्यमांतरात हरवतो आणि मग संकेताचा अभाव हाच कृतीचा दोष म्हणून नोंदवला जातो.

दुसरे फलित अधिक महत्त्वाचे आहे. सलग पाहताना मालिकेचे दोन भिन्न रूपबंध उघड होतात. लाहोरपर्वात इतिहास आणि घर एकमेकांत मिसळलेले आहेत. सुधारणा, स्वदेशी, भावाबहिणींतील ताण, वीरावालीसारख्या तरुणीच्या इच्छा आणि त्यांवर कुटुंबाने घातलेले बांध हे सारे एकाच अंगणात घडते. फाळणीनंतर दिल्लीत आलेल्या विस्कळित कुटुंबाची कथा सुरू होते आणि हळूहळू इतिहास मागे सरून मुलासुनांच्या व्यवहारांना प्राधान्य मिळते. बाख्तिन यांच्या परिभाषेत सांगायचे, तर मालिकेचा कालावकाश बदलतो. अंगणाचा काळ पिढ्यांनी मोजला जात होता. नव्या घराचा काळ पैसा, व्यवसाय आणि वाटणी यांनी मोजला जाऊ लागतो. प्रक्षेपणाच्या वेळी या बदलाकडे 'मालिका लांबली' अशा तक्रारीच्या स्वरूपात पाहणे सोपे होते. पुनर्दर्शनात मात्र हा उतार अर्थपूर्ण ठरतो, कारण निर्वासित कुटुंबाच्या स्थैर्याची किंमतच त्यातून दिसते. ज्या आदर्शांच्या बळावर घर उभे राहिले, ते घर पुन्हा उभे करताना आदर्शच अडगळीत जातात. हवेलीरामाचे उत्तरायुष्यातील एकाकीपण या अर्थाने व्यक्तिगत राहत नाही.

येथेच अभिनयाचा एक तपशील लक्षात घेण्याजोगा आहे. आलोकनाथ तेव्हा तिशीचे होते. त्यांनी तारुण्यापासून वार्धक्यापर्यंतचा प्रवास केसांना पांढरा रंग आणि चालीतील मांद्य यांच्या आधारे उभा केला. तेव्हाच्या प्रेक्षकाने हे वार्धक्य नाट्यसंकेत म्हणून स्वीकारले. आज पाहणाऱ्याला रंगभूषेखालचा तरुण चेहरा आधी दिसतो, कारण त्या अभिनेत्यांचे खरे वार्धक्य त्याने दरम्यान पाहिलेले असते आणि स्वतःचेही अनुभवलेले असते. कथेतील काळ, अभिनेत्याचा काळ आणि प्रेक्षकाचा काळ असे तीन काळ एका चौकटीत येतात. कादंबरीच्या पुनर्वाचनात हा अनुभव इतका प्रत्यक्ष नसतो, कारण शब्दाला वय असले तरी चेहरा नसतो.

३

पूर्णिमा मांकेकर यांनी दिल्लीतील स्त्रियांच्या दूरदर्शन-दर्शनाचा अभ्यास (१९९९) करून कौटुंबिक मालिका आणि राष्ट्रकल्पना यांचे नाते दाखवून दिले आहे. दिल्लीतील प्रेक्षकांपैकी अनेकांना 'बुनियाद'ची कथा स्वतःच्या घरची वाटणे स्वाभाविक होते. प्रश्न उद्भवतो तो सोलापूरसारख्या शहरातून ही मालिका पाहताना. मराठी, कन्नड, तेलुगू आणि दख्खनी उर्दू शेजारी शेजारी बोलल्या जाणाऱ्या या शहराने लाहोरचे घर आपले मानले, ते कोणत्या आधारावर?

सोलापूरला स्थलांतर अपरिचित नव्हते. येथील मागांवर बसलेल्या पद्मशाली कुटुंबांची मुळे तेलंगणात आहेत. परंतु ते स्थलांतर सुताच्या आणि पोटाच्या ओढीने, संथपणे झाले; त्यात एका रात्रीत दार मागे टाकण्याचा क्षण नाही. असा क्षण या परिसराने अनुभवला तो १९४७-४८ मध्ये. रझाकारांच्या काळात निजाम राज्यातील सीमावर्ती गावांतून कुटुंबे सोलापूर, बार्शी या बाजूला आली. १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय सैन्याची मुख्य तुकडी सोलापूरच्या बाजूनेच नळदुर्गमार्गे हैदराबादकडे निघाली. त्यानंतर उस्मानाबाद (आजचे धाराशिव), गुलबर्गा, बीदर आणि नांदेड या जिल्ह्यांत मुस्लिम कुटुंबांवर जे ओढवले, त्याची नोंद सुंदरलाल समितीने केली. मृतांची संख्या सत्तावीस ते चाळीस हजार असावी असा तिचा अंदाज होता. तो अहवाल दीर्घकाळ सार्वजनिक झाला नाही.

सोलापूरपासून पन्नासेक किलोमीटरच्या अंतरावर घडलेल्या या उलथापालथीला दूरदर्शनवर 'बुनियाद'च्या तोडीची कुटुंबकथा लाभली नाही. राष्ट्रीय माध्यमाने फाळणी सांगितली ती पंजाबची. दख्खनच्या प्रेक्षकाने त्या कथेत आपले दुःख पाहिले असेल, तर ते उसन्या घरात पाहिले. हा मालिकेचा दोष ठरत नाही. कोणतीही कृती आपल्या अनुभवप्रदेशाबाहेरचे ऋण फेडण्यास बांधील नसते. मात्र एका प्रदेशाची जखम राष्ट्राची प्रातिनिधिक जखम म्हणून स्थिर झाली की इतर जखमा स्थानिक, म्हणून सांगण्यास अपात्र ठरतात. वेळापत्रकाच्या सामूहिक भारावलेपणात हा प्रश्न सुचणे कठीण होते. घरी एकट्याने पाहताना तो सुचतो, आणि पुनर्दर्शनाची ही जमेची बाजू मानावी लागेल.

४

मराठीत कुटुंबाच्या पडझडीची मोठी कथा याच काळात नाटकाने सांगितली. महेश एलकुंचवारांचे 'वाडा चिरेबंदी' १९८५ मध्ये रंगभूमीवर आले. पुढे 'मग्न तळ्याकाठी' आणि 'युगान्त' यांसह त्याची नाट्यत्रयी झाली आणि १९९४ मध्ये चंद्रकांत कुलकर्णी यांच्या दिग्दर्शनाखाली ती सलग सादर झाली. 'बुनियाद' आणि ही त्रयी यांची तुलना उद्बोधक आहे. धरणगावकर देशपांड्यांचे घर कोणी हिरावून घेत नाही. माणसे तेथेच राहतात आणि घर त्यांच्याभोवती ढासळते. अंगणात नादुरुस्त ट्रॅक्टर उभा असतो. हवेलीरामाचे घर एका आघातात तुटते, पण तुटल्यामुळेच ते स्मृतीत अखंड राहते. देशपांड्यांच्या वाड्याला स्मृतीचा हा आसरा नाही, कारण तो डोळ्यांसमोर आहे. सोडून आलेले घर कथा निर्माण करते, तर न सोडलेले घर मौन निर्माण करते, असा भेद या दोन कृतींतून हाती येतो.

माध्यमांची अदलाबदलही लक्षणीय आहे. सुट्या नाटकांना सलग प्रयोगात कादंबरीसारखी व्याप्ती मिळाली. सुट्या भागांच्या मालिकेला सलग दर्शनात कादंबरीची बांधणी मिळाली खरी, पण तिची सामाजिकता मागे राहिली. नाट्यत्रयीच्या प्रेक्षकाने अनोळखी माणसांसोबत बसून तो दीर्घ काळ काढला. तबकडीच्या प्रेक्षकाला हवे तेथे थांबता येते, नको ते वगळता येते. दुःखाचा प्रसंग पुढे सरकवण्याची मुभा असलेला प्रेक्षक आणि चार दिवस वाट पाहणारा प्रेक्षक यांना एकच आस्वादक मानणे समीक्षेला परवडणारे नाही.

त्यामुळे जुन्या मालिकेच्या अभ्यासात दोन संहिता समोर ठेवाव्या लागतात. एक जतन झालेली आणि दुसरी लोकांच्या चर्चेत, प्रतीक्षेत व आठवणीत घडलेली. पहिली तबकडीवर मिळते. दुसरीचे साक्षीदार आता वृद्ध होत आहेत आणि त्यांच्या आठवणी नोंदवण्याचे काम मराठी विभागांनी आपले मानलेले नाही. सोलापुरातील मागाच्या घरांत, पाच्छा पेठेत वा गिरणीच्या चाळीत 'बुनियाद' कशी पाहिली गेली, तिच्यातील निर्वासितांकडे पाहताना नळदुर्गकडून आलेल्या वृद्धांना काय आठवले, आणि कोणत्या घरांनी ते मुद्दाम आठवले नाही, हे प्रश्न समाजशास्त्राकडे ढकलून देण्याजोगे नाहीत. आस्वादाचा इतिहास हा साहित्येतिहासाचा भाग मानला, तर ती आपलीच कक्षा आहे. ती संहिता गेली की उरलेल्या तबकडीवर मालिका असेल; तिचे प्रेक्षक नसतील.