दाद आणि शांतता

परदेशात भरणाऱ्या आपल्या संगीत-नृत्य महोत्सवांविषयी बोलताना आपल्यात दोन तट पडतात. एक म्हणतो, ‘तिथली शिस्त पाहावी!’ दुसरा म्हणतो, ‘त्यांना त्यातले काय कळते!’ काही वर्षांपूर्वी भाचीच्या आग्रहाने लंडनला गेलो आणि तिथल्या दरबार महोत्सवाची दोन सत्रे ऐकली. जाताना ही दोन्ही मते माझ्याबरोबर होती. येताना एकही धड राहिले नव्हते.

हा महोत्सव २००६ साली लेस्टर येथे भाई गुरमीतसिंग विरदी या तबलागुरूंच्या स्मरणार्थ सुरू झाला. पुढे तो लंडनच्या बार्बिकन केंद्रात भरू लागला. आपला पुण्याचा सवाई गंधर्व महोत्सवही भीमसेन जोशींनी १९५३ साली गुरूंच्या स्मरणार्थच सुरू केला होता. दोन्हींच्या मुळाशी गुरूचे ऋणच आहे. फरक पडतो तो ऐकण्यात.

तिथे दिवे मंदावले आणि तंबोरा लागला. खर्जाच्या तारेभोवती दाटत जाणारा तो गुंजारव मी आयुष्यात प्रथमच इतका स्वच्छ ऐकला, हे कबूल केले पाहिजे. आपल्या मंडपात तो कर्ण्यांच्या कलकलाटात आणि चहाच्या फेऱ्यांत हरवतो. पण विलंबित ख्याल रंगत गेला तसे दुसरेही काही जाणवू लागले. गायिका सुंदर वळण घेऊन समेवर येई, क्षणभर मान वर करी, आणि समोर अंधार! टाळी पडायची ती राग संपल्यावर. अखेर पुढच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्याच्या तोंडून न राहवून ‘वा’ निघाले. शेजारचे दोघेतिघे वळून पाहू लागले. गायिकेने मात्र त्याच दिशेला तोंड करून पुढच्या आवर्तनात तीच जागा निराळ्या अंगाने घेतली. ती जागा निम्मी त्या म्हाताऱ्याची होती, असे मी म्हणेन. संध्याकाळच्या कथकात तिहाई समेवर पडली तेव्हाही माझा हात मांडीवर पडला, आणि मीच ओशाळलो.

१९७१ साली न्यूयॉर्कला बांगलादेशासाठी झालेल्या मैफलीत रविशंकरांनी नुसती वाद्ये जुळवली, तर त्यालाच टाळ्या पडल्या. तेव्हा, जुळवणीच इतकी आवडली तर वादन अधिक आवडेल, असे ते हसून म्हणाले. आदर भरपूर असला तरी कान तयार असतोच असे नाही.

आमच्या उमरठला तानाजी मालुसऱ्यांच्या समाधीपाशी पोवाडा उभा राहतो, तेव्हा झीलकऱ्यांच्या ‘जी जी’त मागे बसलेला गावकरीही सूर मिसळतो. तिथे गाणारा आणि ऐकणारा यांच्यामध्ये रेघ नसते. तरीही तेवढ्यावरून आपण फुशारू नये. आपल्या मंडपातली निम्मी दाद तबल्याच्या नुसत्या धावण्याला मिळते, तंबोऱ्याला कोणी विचारीत नाही. मी शिक्षक आहे. वर्ग गप्प आहे म्हणजे त्याला कळले असे नव्हे, आणि सगळे हात वर आले म्हणजेही नव्हे, हे रोज पाहतो.

लंडनकरांनी त्या म्हाताऱ्याचे ‘वा’ शिकावे. आपण त्यांच्याकडून त्या ‘वा’च्या आधीची शांतता शिकावी. पुण्याच्या मंडपात यंदा मी कर्ण्यापासून दूर बसणार आहे.