200 एमबीचा ऑर्केस्ट्रा: स्वस्त सॅम्पल लायब्ररी पारखायची कशी?

‘सैराट’साठी (2016) अजय-अतुल यांनी लॉस एंजेलिसजवळच्या सोनी स्कोअरिंग स्टेजवर खरा सिम्फनी ऑर्केस्ट्रा रेकॉर्ड केला. ‘याड लागलं’मधला व्हायोलिनचा ताफा ऐकून आपणही असं काही करावं, असं पुष्कळांना वाटलं. मग प्रश्न येतो: स्वस्तातली चांगली ऑर्केस्ट्रल लायब्ररी कोणती? माझ्या मते हा प्रश्न अर्धवट आहे. कशासाठी चांगली, हे आधी ठरवायला हवं.

सॅम्पल लायब्ररी म्हणजे काय, तर वाद्याचा एकेक स्वर वेगवेगळ्या जोरात वाजवून केलेल्या ध्वनिमुद्रणांचा साठा. कीबोर्डवर पट्टी दाबली की त्यातलं योग्य मुद्रण वाजतं. तोच स्वर पटापट चार वेळा आला आणि मुद्रण एकच असेल, तर ठोकळेबाज ऐकू येतं. म्हणून चांगल्या लायब्ररीत एका स्वराची तीन-चार मुद्रणं आलटून पालटून वाजतात.

मी पिरंगुटला भाड्याच्या खोलीत राहते, लॅपटॉप 8 जीबी रॅमचा. त्यावर स्पिटफायर ऑडिओची ‘बीबीसी सिम्फनी ऑर्केस्ट्रा डिस्कव्हर’ सहज चालते. ती मोफत आहे आणि जेमतेम 200 एमबी जागा घेते. तिचीच मोठी ‘प्रोफेशनल’ आवृत्ती 500 जीबीच्या वर जाते. दोन्हींचं मुद्रण लंडनच्या मैदा व्हेल स्टुडिओतलं, त्यामुळे वाद्यं एकाच खोलीत बसल्यासारखी वाटतात. डिस्कव्हरची हीच मोठी जमेची बाजू. लांब सुरावट, तुटक ठेके, ब्रासचा भरणा, एवढ्यासाठी ती पुरेशी आहे. कुठल्या वाद्याला काय द्यायचं हे शिकायला तर उत्तमच.

अडतं ते आपल्या चालींपाशी. मराठी चालीत गंधारावरून पंचमाकडे जाताना मींड येते. लायब्ररीत मात्र गंधार आणि पंचम ही दोन सुटी मुद्रणं. पिच बेंड वापरून गंधार वर ओढला, तर स्वराबरोबर व्हायोलिनच्या लाकडी पेटीचा अनुनादही वर सरकतो. खऱ्या वाद्यात पेटी तीच राहते, फक्त तारेची कंपनं बदलतात. म्हणून अर्ध्या स्वराची ओढ खपून जाते, पण लांब मींड लगेच खोटी वाटते.

दुसरी अडचण सुरांची. कीबोर्डचा गंधार षड्जापासून 400 सेंटवर असतो (अर्धा स्वर म्हणजे 100 सेंट). तानपुऱ्यातून उमटणारा गंधार सुमारे 386 सेंटवर. 14 सेंटचा हा फरक तयार कानाला टोचतो. खरे वादक ऐकत ऐकत सूर जुळवून घेतात, मुद्रण घेत नाही. पैसे भरून मोठी आवृत्ती घेतली म्हणून हे आपोआप सुटत नाही.

मग निवड कशी करायची? स्वतःच्या चालीतल्या आठ मात्रा घ्या: एक लांब स्वर, एक जलद पुनरावृत्ती, एक मींड. त्याच आठ मात्रा प्रत्येक लायब्ररीत वाजवा. आवाजाची पातळी सारखी करा, कारण जे मोठ्याने वाजतं ते आपल्याला उगाचच सरस वाटतं. फाइलींची नावं मित्राला बदलायला सांगा आणि मग गुण द्या. कंपनीचा डेमो पुरावा म्हणून धरू नका, तो त्या लायब्ररीला जमेल तेच वाजवतो.

आणि ध्वनीवर संशोधन करायचं असेल, तर हॉलचा घुमारा मिसळलेली लायब्ररी नकोच. आयोवा विद्यापीठाने 1997 पासून वाद्यांची मुद्रणं मोफत खुली केली आहेत, त्यातली बरीच प्रतिध्वनिरहित खोलीतली आहेत. गाण्यात ती कोरडी लागतील, पण वर्णपटाच्या मोजमापाला तीच लागतात.

माझा निकाल: हार्मनी आणि वाद्यरचना शिकणाऱ्याने डिस्कव्हर घ्यावी आणि खिशात हात घालू नये. चाल मींडेवर उभी असेल, तर साठवलेले पैसे मोठ्या लायब्ररीवर घालण्यापेक्षा एका व्हायोलिनवादकाला एका दुपारी बोलवा. मागचा ताफा मोफत लायब्ररीचा, पुढची ओळ खऱ्या माणसाची. अशा मिश्रणात मागचं खोटेपण बरंचसं झाकलं जातं.