भेगेच्या टोकावरचा अनंत

मंडळी, उन्हाळ्यात इथल्या आसगावच्या बांधीत उतरून बघा. भेग सरळ जात नाही, घट्ट ढेकूळ आडवं आलं की वळसा घेते. पुस्तकातली भेग मात्र ढेकूळ ओळखत नाही. नेहमीची स्थितिस्थापकता पदार्थाला कणच नाहीत असं धरून चालते, आणि भेगेच्या टोकावर ताण अनंत येतो. एवढा ताण सोसणारा पदार्थ जगात नाही.

ग्रिफिथने 1921 मध्ये ताण बाजूला ठेवून ऊर्जेचा हिशेब मांडला. दुसरी वाट कणांची. कोसेरा बंधूंनी 1909 मध्ये प्रत्येक कणाला स्वतंत्र फिरण्याची मुभा दिली. 1964 मध्ये मिंडलिनने सूक्ष्मरचनेचा सिद्धान्त मांडला. त्यात कणाच्या मापाशी नातं असलेली एक लांबी येते. आपण तिला 'ल' म्हणू.

ही कल्पना सुंदर आहे, यात वाद नाही. पण अनंत खरंच गेला का? कोसेरांच्या वाटेने टोकावरचा ताण अनंतच राहतो. मिंडलिनच्या वाटेने विकृती आटोक्यात येते, पण एकूण ताण आधीपेक्षाही वेगाने वाढतो. म्हणजे पुढच्या दाराने हाकललेला पाहुणा मागच्या दाराने घरात!

आता कोयना घ्या. 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे भूकंप झाला. 103 मीटर उंचीच्या धरणाला, खालच्या बाजूचा उतार जिथे एकदम बदलतो त्या पातळीजवळ, भेगा पडल्या. हे धरण दगड घातलेल्या रबल काँक्रीटचं. एवढे मोठे 'कण' असताना नवा सिद्धान्त इथेच लावावा, असं कुणालाही वाटेल. करून बघू. 'ल' वीतभर धरा, म्हणजे 20 सेंटीमीटर. त्या पातळीवर भिंत सुमारे 19 मीटर जाड. गुणोत्तर जवळपास शंभरास एक, आणि भिंतीच्या वाकण्यावर परिणाम होतो तो त्याच्या वर्गाने. हाती काही लागत नाही.

बरं, टोकाजवळच्या वीतभर जागेत तरी? तिथे तर काँक्रीट स्थितिस्थापक उरतच नाही, बारीक तड्यांनी भुसभुशीत झालेलं असतं. माझा मुख्य आक्षेप हाच: जिथे हा सिद्धान्त बोलायला लागतो, तिथे त्याचं गृहीतकच मोडलेलं असतं. तिथे हिलरबोर्गचं 1976 चं, तडा हळूहळू ताण सोडतो असं मानणारं प्रारूप जास्त कामाचं.

मग सिद्धान्त टाकाऊ का? नाही. 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला लेक्स आणि सहकाऱ्यांनी हाडाचे बारीक नमुने पिळून पाहिले. ते जुन्या हिशेबापेक्षा ताठ निघाले. तिथे 'ल' प्रयोगातून मिळतो, सोयीने निवडावा लागत नाही.

गोसेखुर्द आपल्याच जिल्ह्यात आहे. धरणाच्या भेगेबद्दल कुणी देखणं समीकरण दाखवलं, तर एवढंच विचारा: साहेब, हा 'ल' कुठे मोजला?