बारगीर आणि बर्गी

आमच्या सौंसर-पांढुर्णा भागात रघूजी भोसले म्हणजे आपले राजे. लग्न होऊन आले तेव्हापासून हेच ऐकलं. मग एकदा बंगाली शेजारीण सहज म्हणाली, माझ्या माहेरी बाळ झोपत नसलं की बर्गी आल्याची अंगाई म्हणतात. बर्गी म्हणजे कोण? आपलाच बारगीर, सरकारी घोड्यावरचा स्वार! बाई गं, मी गप्पच झाले.

त्यानंतर गंगाराम या बंगाली कवीचं ‘महाराष्ट्र पुराण’ अनुवादातून वाचलं. १७४२ मध्ये रघूजींचे सरदार भास्करराम कोल्हटकर बंगालात शिरले, तिथपासून १७४४ मधल्या त्यांच्या खुनापर्यंतची ही हकिगत, त्याच काळात लिहिलेली. तिची देवादिकांची चौकट मला पटली नाही. पापी लोकांना शिक्षा म्हणून शिवानं मराठे पाठवले म्हणे, आणि बायका-ब्राह्मणांवर अत्याचार झाले तेव्हा पार्वती रागावली. अहो, मग पहिलं गाव जळालं तेव्हा ती कुठे होती?

पण पळापळीचं वर्णन वाचा. पंडित पोथ्या घेऊन, सोनार तराजू घेऊन, कोळी जाळी घेऊन निघालेत. कधी उंबरा न ओलांडलेल्या बाया डोक्यावर बोचकी घेऊन चालताहेत, आणि दिवस भरलेल्या वाटेतच बाळंत होताहेत. हे देवाच्या तोंडून आलेलं नाही, डोळ्यांनी पाहिल्यासारखं आहे. मुर्शिदाबादेत जगतसेठांची कोठी लुटली गेली. ते ओसवाल जैन, म्हणून आपल्याला जास्त लागतं. लागू दे, पण त्या कोळणीचंही तेवढंच लागायला हवं.

‘लढाईत असं व्हायचंच’ हे उत्तर मी घरातच ऐकलं. १७५१ च्या तहात ओरिसा आणि सालाचे बारा लाख चौथाई मिळाली, हे आपण अभिमानानं सांगतो. ते पैसे कोणाच्या कोठारातून आले, हे कोणी विचारत नाही.

आणि रघूजी आपल्याकडे आले कसे? देवगडचा गोंड राजा चांद सुलतान वारला, गादी वलीशहानं बळकावली, तेव्हा विधवा राणी रतनकुंवरनं त्यांना मदतीला बोलावलं. त्यांनी मदत केलीही. मग तिच्या दोन मुलांत भांडण लागलं आणि १७४३ मध्ये कारभार रघूजींच्या हाती गेला. बुऱ्हाणशहा नावाचा राजा उरला, नागपुरात तनख्यावर.

मोहखेडकडे देवगडचा किल्ला आहे. पोरांना नेतो तेव्हा बख्तबुलंदाची गोष्ट सांगतो, रघूजींची सांगतो. या दिवाळीत रतनकुंवरचीही सांगणार आहे. आणि शेजारणीला म्हटलंय, ती अंगाई मला नीट शिकव.